एक ते सहा आकडे शोभेला

घरात जुने चार्जर साठतात ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से साठतात. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण फेकूनही देत नाही. ठाण्यात वागळे इस्टेटला आमची छोटीशी वेबसाइट आहे. व्हिडिओ गेम खेळायचा, रिव्ह्यू लिहायचा, दहापैकी स्कोअर द्यायचा. हो, याचा पगार मिळतो! डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कोणाला हे पटत नाही.

हे स्कोअर कितपत खरे मानायचे, असं मला कोणीही विचारतं. एरवी मी हसून सोडून देते. पण मध्ये बाळकुमला गेलेले, तेव्हा अमेयच्या पप्पांनी विचारलं आणि ते काही हसून सोडून देता येईना.

अमेय भोईर माझा कॉलेजचा मित्र. त्याने आणि आणखी दोघांनी मिळून एक गेम बनवलेला. कुठे? तर पप्पांच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, एका मोठ्या हॉलमध्ये. गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची अट होती: शुक्रवारी रिलीज, आणि सोमवारी दुपारपर्यंत जेवढे रिव्ह्यू येतील त्यांची सरासरी आठ भरली, तर पुढचा गेम अमेयलाच. नाही भरली तर हॉल कोचिंग क्लासवाल्यांना, आणि अमेय शीळफाट्याला मामाच्या गोदामात!

पप्पा मला म्हणाले, "बाय, तुमी लोकं मार्क देता ना? त्या मार्कांवर भरवसा ठेवाचा का? माज्या पोराचा सगला जीव त्यात हाय."

मी चहाचा कप तोंडाला लावला. माणूस एवढा सरळ विचारतोय, त्याला आमच्या ऑफिसबद्दल काय सांगू?

*

आमचे संपादक दामले सर. आयुष्यभर सिनेमावर लिहिलं, गेम एकही खेळलेला नाही. मी नवीन होते तेव्हा एका रेसिंग गेमला चार दिले. कशाला नाही देणार? त्यातली गाडी वळणावर भिंतीत घुसायची आणि थेट आभाळात जायची! वर जाऊन तिथेच तरंगत बसायची.

सरांनी चष्मा काढला. "चार? या लोकांशी तुझं काही वैयक्तिक वाकडं आहे का?"

"सर, गाडी उडते."

"मग तसं लिही ना सविस्तर. पण आकडा सात कर. सातच्या खाली गेलं की लोक दुखावतात."

"अहो, मग एक ते सहा हे आकडे ठेवलेत कशाला?"

"शोभेला," सर म्हणाले आणि चष्मा लावून कामाला लागले.

*

त्याच गेमच्या किस्स्याचा पुढचा भाग आमच्या घरी घडला. माझा आतेभाऊ कल्याणहून तणतणत आला, हातात डिस्क. "ताई, तू सात दिलेस म्हणून घेतली! काय बकवास आहे! गाडी उडते!"

मी म्हटलं, "अरे, तेच तर लिहिलंय मी! पहिल्याच ओळीत लिहिलंय, घेऊ नका म्हणून! वाचलंस का?"

"वाचायचं कशाला? आकडा दिलाय ना तुम्ही!"

वर आई स्वयंपाकघरातून मला म्हणते, "बघ, घरातल्या मुलाला फसवलंस." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तो मात्र जेवूनबिवून गेला, डिस्क माझ्याकडेच टाकून.

*

आणि हे वाचक! एका मोठ्या गेमला आम्ही नऊ दिले. दुपारपर्यंत शिव्यांचा पाऊस. एकाने तर ऑफिसच्या नंबरवर फोनच केला. "साडेनऊ का नाही दिले? कोणाकडून खाल्ले?"

मी विचारलं, "तुम्ही खेळलात का?"

"अजून कुठे आलाय तो इंडियात!"

"मग तुम्हाला कसं कळलं साडेनऊचा आहे?"

"मॅडम, ट्रेलर चार वेळा बघितलाय. तुम्ही मला शिकवू नका."

बरं, खाण्याचं म्हणाल तर खाल्लं होतं हे खरंय. कंपनीने केक पाठवलेला, वर हिरोचा चेहरा. दामले सरांनी हिरोचा कान तोंडात टाकत म्हटलं होतं, "काही म्हणा, बिचाऱ्यांनी मेहनत फार घेतली आहे." कोणाची मेहनत, गेमवाल्यांची की केकवाल्यांची, ते मी विचारलं नाही.

*

आता प्रज्योत. माझा सहकारी, कोपरीत राहतो, हुशार आहे, झकास लिहितो. फक्त गेम पूर्ण खेळत नाही. दोन तास खेळतो, उरलेलं अंदाजाने ठोकून देतो. त्याचं म्हणणं, "भाताचं एक शीत बघतात ना? अख्खं पातेलं खातात का?"

एकदा त्याने लिहिलं, "शेवट तर काळजाला हात घालतो." खाली एका वाचकाने विचारलं, "सर, शेवटी तो म्हातारा मरतो की जगतो? मला नीट कळलं नाही."

प्रज्योत माझ्याकडे वळला. "यात म्हातारा पण आहे?"

"मला काय विचारतोस? रिव्ह्यू तुझा आहे!"

त्याने दोन मिनिटं विचार केला आणि उत्तर टाकलं, "क्षमस्व, मी शेवट फोडत नाही." त्या उत्तराला कौतुकाचे केवढे अंगठे आले! लोक म्हणे, याला म्हणतात जबाबदार समीक्षक. मी उठून खाली गेले आणि एकटीने कटिंग चहा मारून आले.

*

तर अशा ऑफिसात अमेयचा गेम आला.

मी दामले सरांना अमेयची अट सांगितली आणि म्हटलं, मी करते. सरांनी बोट वर केलं. "तुझा मित्र ना तो? मग नाही. विश्वासार्हता नावाची काही चीज असते. प्रज्योत करेल. आणि त्याला यातलं काही सांगायचं नाहीस, मैत्री नाही, अट नाही, काहीच नाही."

केक खाणारा माणूस मला विश्वासार्हता शिकवतोय! अस्सा राग आला ना! पण वाद घालून उपयोग नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी प्रज्योत निघत होता, त्याला लिफ्टपाशी गाठलं आणि अक्षरशः हात जोडले. "प्रज्योत, आयुष्यात एकदा, फक्त एकदा, एखादा गेम शेवटपर्यंत खेळ रे!"

"एवढं काय आहे त्यात?"

"काही नाही. खेळ तू."

रविवारपर्यंत बाकीच्यांचे रिव्ह्यू आले. सरासरी अडली, आठाला अगदी थोडीशी कमी. आमचा एक चांगला आकडा पडला असता तर काम झालं असतं. अमेयचा मेसेज आला, "तुमचा रिव्ह्यू कधी येतोय?" मी लिहिलं, "येतोय." दुसरं काय लिहिणार?

सोमवारी प्रज्योत ऑफिसला आलाच नाही. फोन बंद. मी कोपरीला त्याच्या घरी गेले, तर त्याची आई म्हणाली, "अगं, तो मावशीकडे गेलाय, अंबरनाथला. म्हणाला, इथे पाहुणे येतात, खेळताना मध्ये कोणी नको." मावशीचा नंबर तिला सापडेना. शेवटी सापडला, तो उचलला कोणी नाही. दारात उभी राहून मी बघत होते, दुपार टळून गेली. इतकं रडू आलं की त्या माउलीने मला बसवून पोहे खायला घातले. तिला वाटलं, माझं आणि प्रज्योतचं काहीतरी आहे!

मंगळवारी स्वारी हजर. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, चेहरा उजळलेला. "अगं, काय गेम आहे! शेवटचा भाग मी दोनदा खेळलो. फोन बंद करून बसलेलो. दामले सर, साडेनऊ देतोय, एक पॉइंटसुद्धा कमी करणार नाही!"

सरांनी रिव्ह्यू वाचला. म्हणाले, "आजवरचं तुझं उत्तम लिखाण. आता बघ, याला म्हणतात विश्वासार्ह. आणि आता सांगायला हरकत नाही, गेम बनवणारा अमेय हिचा मित्र आहे."

मी काही बोलायच्या आत प्रज्योतने माझा फोन उचलून अमेयला लावला, स्पीकर ऑन. "अमेय, मी प्रज्योत. अरे, तो शेवट काय केलायस रे! मी ढसाढसा रडलो. एवढ्या जणांनी रिव्ह्यू लिहिले, शेवटाबद्दल एकाने लिहू नये?"

पलीकडे फर्निचर ओढल्याचा आवाज येत होता. अमेय म्हणाला, "तिथपर्यंत पोचलास तू?"

"पोचलो म्हणजे? दोनदा! साडेनऊ दिलेत. पटले ना?"

"पटले रे. खूप बरं वाटलं, खरंच... एक मिनिट हां." आणि मग आवाज लांब गेला. "पप्पा, तो फळा खिडकीसमोर नको लावू, मागच्या बेंचवरच्या पोरांना दिसणार नाय!"