यापुढे हजर राहीन

वारज्यात मी घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. त्यामुळे सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज माझ्या हातून जातात. कोणी साधं ‘थँक यू’ म्हणत नाही, ते सोडा. आमचे हे मात्र कधी एक शब्द विचारायला आले नव्हते. मूळचे वर्ध्याकडचे, हडपसरला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. बोलणं मोजकंच, आणि इंग्रजीशी उभा दावा.

म्हणून मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी यांनी विचारलं, “अगं, माणूस वारंवार गैरहजर असतो, हे इंग्रजीत नीट कसं लिहायचं?” तेव्हा मेथी निवडता निवडता मला हसूच आलं.

“कोणासाठी?”

“आहे एक जण खात्यात.”

मास्तरकी अंगात मुरलेली, मी लगेच सुरू झाले. ‘फ्रिक्वेंटली ॲब्सेंट’ म्हणजे नुसतं वारंवार गैरहजर. ‘हॅबिच्युअली ॲब्सेंट’ म्हटलं की त्याला दांड्या मारायची खोडच आहे, असं होतं. काढून टाकायचं असलं की कंपनी हे दुसरं लिहिते. ज्याला नोकरी टिकवायचीय त्याने खुलाशात पहिलं लिहावं, कारणासकट.

“कारण लिहावंच लागतं?”

“मग? कारणाशिवाय खुलासा कसला, डोंबलाचा!”

हे उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. तरी तो थरथरत होता. मी मेथी बाजूला सारली.

“तो एक जण तुम्हीच ना?”

यांनी मान हलवली. मग तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं. शेजारच्या प्रेसवरच्या माणसाची बोटं यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. तेव्हापासून मशीनसमोर उभं राहिलं की यांचा हात थरथरायचा. मग बऱ्याचदा गेटपासूनच मागे फिरायचे, कालव्याच्या कडेला बसून डबा खायचे आणि सुटायच्या वेळेला घरी यायचे. आता कंपनीचा मेमो आला होता. आणि मी बावळट, डबा रिकामा येतोय म्हणून खूश!

“मला सांगायला काय धाड भरली होती?” मी ओरडलेच. राग होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

खरं कारण लिहू, दुसरं काम मागू, असं मी परोपरीने सांगितलं. यांना ते पटेना. घाबरट म्हणून खात्यात नाचक्की होईल आणि साहेब म्हणतील, मग घरीच बसा. मुलगी बारावीला, नोकरी जाऊन चालणारच नव्हतं. “तब्येत म्हण, आणि यापुढे असं होणार नाही म्हण,” एवढंच घोकत राहिले.

शेवटी मी लिहिलं. प्रकृतीच्या कारणाने फ्रिक्वेंटली ॲब्सेंट होतो, यापुढे नियमित हजर राहीन. चूक काढायला जागा ठेवली नाही. साहेबांनी खुलासा मान्य केला, इंग्रजीचं कौतुकही केलं म्हणे, आणि सोमवारपासून यांना पुन्हा त्याच प्रेसवर लावलं.

सोमवारी सकाळी यांना बुटाची नाडी बांधता येईना. मी खाली बसून बांधली. आणि मग मला राहवलंच नाही.

“अहो, नका जाऊ आज. पाया पडते.”

“आता कसं? तूच लिहून दिलंयस ना, येईन म्हणून,” हे म्हणाले आणि जिना उतरून गेले.