फोरमननी बसवलेलं बेरिंग

माझे सासरे घरात शिरताना आधी शिवी द्यायचे. ती कुणाला, हे मागून ठरायचं. कधी पंखा चालू राहिलेला असायचा, कधी दारात चप्पल आडवी पडलेली, आणि काहीच सापडलं नाही तर मी होतेच. नांदेडच्या बस डेपोत जन्मभर फोरमनकी केलेला माणूस. रिटायर झाले तरी हाताखाली कुणीतरी लागायचंच. अख्खी गल्ली त्यांना फोरमन म्हणायची. मी तोंडावर 'मामा' म्हणायचे आणि मनात जे म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमच्या भांडणाचं मूळ म्हणजे माझ्या बाबांची गाडी. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट लावून पळणारी जुनी लाल स्पोर्ट्स कार. बाबा गेल्यावर मी ती रेणापूरहून नांदेडला आणली. फोरमन तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्याच्यात ना ज्वारीचं पोतं बसतंय, ना म्हातारी. कामून आणलीस ही बला?" त्याच गाडीवर बाबांनी मला चालवायला शिकवलं होतं. त्या दिवशी मी त्यांना नुसती भाकर वाढली.

गाडीचे कागद भावाकडे होते आणि त्याला ती विकायची होती. पुढचं उजवं चाक घुमायला लागलंय हे कळल्यावर तो फोनवर म्हणाला, "ताई, दसऱ्याला स्वतः चालवत रेणापूरला आण. धड आली तर तुझी. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे." बाबांच्या शेतावर, घरावर मी चकार शब्द काढला नव्हता. मला एवढी एकच वस्तू हवी होती.

चाकातलं बेरिंग गेलं होतं. नवं हैदराबादहून मागवलं आणि फोरमननी कुणी न विचारता कामाचा ताबा घेतला. "गॅरेजवाले हातोड्यानं ठोकतेत. बेरिंग ठोकायचं न्हाई, आपसूक बसलं पायजे." म्हणून नवं बेरिंग गेलं माझ्या फ्रीझरमध्ये, श्रीखंडाच्या डब्याला चिकटून. आणि ते ज्यात बसतं ते चाकामागचं जाडजूड लोखंडी घर चढलं माझ्या गॅसवर. थंडीनं एक आकसणार, उष्णतेनं दुसरं फुगणार. जळक्या ग्रीसचा वास पार पिठाच्या डब्यात शिरला. मी बोंबलले तर म्हणाले, "एक दिवस मुरमुरे खा. मरत न्हाईस!" आणि बेरिंग खरोखरच हळूच आत सरकलं, हातोडीला हात न लावता. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

मग ड्राइव्ह शाफ्ट. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा हा दांडा. त्याच्या सांध्यावरचं रबरी बूट, म्हणजे माती अडवणारं आवरण, फाटून आत माती गेली होती. मी सांधा डिझेलमध्ये धुवायला बसले. "बांगड्या धुऊन राहिलीस का? जोर लाव!" धुतला, नवं ग्रीस भरलं, नवं बूट चढवलं. शाफ्ट चाकात ओवला. राहिला फक्त मधला मोठा नट. तो पुरा आवळल्याशिवाय गाडी हातभरही ढकलायची नाही, नवं बेरिंग आतून जातं. हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच. पण पाना त्यांच्या हातातून दोनदा सटकला तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सकाळी आवळू."

सकाळी खंडेनवमी. मी अंघोळ करून येते तर सगळे पाने, जॅक, पाइप पाटावर मांडलेले, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. नट तसाच ढिला. "मामा, आधी नट!"

"पूजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा झाल्याबिगर हात लावायचा न्हाई."

बरं, ते सोडा. गाडीचीही पूजा हवी, आणि तीही पूर्वेला तोंड करून! शेजाऱ्याला हाक मारून त्यांनी गाडी ढकलायला घेतली. मी ओरडत राहिले, "मामा, बेरिंग जाईल!" ते म्हणाले, "मला शिकवून राहिलीस?" अंगणात आडवी-उभी करत गाडी फिरवली आणि नारळ फोडला. मला तो नारळ त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उरकून त्यांनी नट आवळला. मी गाडी काढली. लोहा गावाच्या अलीकडेच चाक रडायला लागलं. जुन्यापेक्षा जास्त. फोरमन शेजारी बसले होते. "वाटेत चाक निखळलं तर लोक माझं नाव घेतील" म्हणून आले होते. अहमदपूरला उतरून त्यांनी चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. लिंबाखाली ते गार होईपर्यंत आम्ही उभे राहिलो. मी रडत होते आणि ते दुसरीकडे बघत होते.

रेणापुरात भावानं गल्लीच्या टोकापासूनच आवाज ऐकला. "नवीन बेरिंग टाकूनही बोंबलतेय? ताई, या गाडीत दम राहिला नाही. दे किल्ली." तेवढ्यात फोरमन गाडीतून कसेबसे वर आले.

"गाडीला नाव ठिवू नको," ते भावावर खेकसले. "नट ढिला आसताना गाडी ढकलली. म्या ढकलली. ही वरडून सांगत हुती, म्या ऐकलं न्हाई. बेरिंग म्या मारलंय. हिच्या कामात खोट न्हाई आन् गाडीतबी न्हाई."

अंगणात आई होती, शेजारपाजारचे सोनं वाटायला आले होते. सगळ्यांदेखत बोलले. भाऊ आत जाऊन कागद घेऊन आला. फोरमन परत मात्र बसनं गेले. "तुझ्याशेजारी बसण्यापरीस उभ्यानं जाईन," म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी रडले नाही म्हणून नणंद अजून बोलते. बोलू दे. ज्या माणसानं मला सासरी रोज खाली बघायला लावलं, त्यानंच माझ्या माहेरच्या अंगणात माझी मान वर केली. हे मी विसरत नाही, आणि ते रोजचंही विसरत नाही. त्यांच्या फोटोला हार मीच घालते. पण माफ अजून केलेलं नाही.