खर्जातला रॉक बँड

माझी फजिती मीच सांगतो बाबा. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल!

साल एकाहत्तर-बाहत्तर. श्रीगोंद्याच्या हायस्कुलात मी मास्तर. हौसेनं नवाकोरा रेकॉर्ड-प्लेअर घेतला, पण घरात रेकॉर्ड एकही नाही! मग मुंबईच्या आतेभावानं, शशीनं, पार्सल धाडलं. विलायतेतल्या एका रॉक बँडची, बड्या कंपनीनं काढलेली पहिलीवहिली रेकॉर्ड. पाकिटावर चार केसाळ पोरं. मागं छापलेलं, यांच्या संगीतावर ब्लूजचा, चर्चमधल्या गाण्यांचा आणि भारतीय रागसंगीताचा प्रभाव आहे.

लावली. अहो, काय आवाज! थेट पाताळातून आल्यासारखा. एकेक सूर इतका लांब, की मधे चहा पिऊन यावं. ढोल वाजतोय की डोंगर चालतोय? अंगावर काटा आला माझ्या.

धावत जाऊन भजनी मंडळाच्या गणपतबुवांना आणलं. बुवा डोळे मिटून बसले, ते रेकॉर्डची बाजू संपल्यावरच उघडले.

"मास्तर, ह्यो खर्ज मानसाचा न्हाई. लई तपश्चर्या हाय पोरांची!"

"आपलाच प्रभाव, बुवा. छापलंय मागं!"

दुसऱ्या दिवसापासून अख्खं भजनी मंडळ खर्ज लावायला बसलं. आठवड्यात तिघांचे घसे बसले. हे ऐकून हेडमास्तरांनी माझं व्याख्यानच ठेवलं, 'विलायती संगीतावर आपला प्रभाव'! हॉल गच्च. साखर कारखान्याचे साहेब पहिल्या रांगेत. मी तासभर बोललो आणि रेकॉर्ड लावली. माणसं श्वास घ्यायची विसरली हो!

तेवढ्यात दारातून शशी ओरडला. सुट्टीला आलेला, थेट एसटी स्टँडवरून.

"दादा, अरे स्पीडचा खटका सोळावर ठेवलायस! ही तेहतीसची रेकॉर्ड आहे. निम्म्या वेगानं वाजतेय!"

त्यानं खटका सरकवला मात्र... गिटारी कडाडल्या, ढोल उधळले, गाणारा असा किंचाळला की साहेबांची टोपी पडली. खोटं कशाला बोलू? तेही अफाटच होतं!

बुवा हळूच म्हणाले, "आमी तपस्वी समजत हुतो, त्यो तर एसटी चुकल्यागत पळतोय की!"

आता हेडमास्तर उठले.

"मास्तर, हे तर स्वच्छ इंग्रजी गाणं आहे. नववीला इंग्रजी तुम्हीच शिकवता ना? इतक्या दिवसांत एकही शब्द ओळखू आला नाही?"

सगळा हॉल माझ्याकडे बघतोय.

मी म्हणालो, "सर, मला वाटलं... संस्कृत आहे."