अंधार झाला हो

शनिवारच्या मावशींनी मला कधी ‘दिवा लाव’ म्हणून सांगितलं नाही. शनिवारची संध्याकाळ दाटून आली की त्या खुर्चीत बसल्या बसल्या भिंतीला सांगायच्या, “अंधार झाला हो.” भिंतीला, मला नाही. मग समोरच्या दारातून मी जायची आणि बटण दाबायची. उन्हाळ्यात “काय उकडतंय बाई आज” हेही त्याच भिंतीला कळवलं जायचं. की लावला मी पंखा. नवी होते तेव्हा एकदा भोळेपणानं विचारलं होतं, “लावू का मावशी?” तर केवढ्या चिडल्या! “विचारतेस कशाला? विचारलंस की मला उत्तर द्यावं लागतं. लावायचा तर लाव, नाही तर तूही बस अंधारात.”

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुदी. रास्ता पेठेत आमची दारं समोरासमोर. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक छोटी नळी ठोकलेली होती, आत शास्त्रातलं वचन. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवायच्या. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत नारळाच्या दुधातली माशांची आमटी झालेली असायची, मनुका कुस्करून सरबत झालेलं असायचं, दिवा लागलेला असायचा. तिथपासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ. विस्तव नाही, बटण नाही, कात्री नाही, फोन नाही, आणि दुसऱ्याला सांगून करवून घेणंही नाही. “आमचे पूर्वज तिकडे घाण्यावर तेल काढायचे,” त्या सांगायच्या. “शनिवारी घाणा बंद. लोक शनवार तेली म्हणायचे. अगं, देवाच्या दहा आज्ञांतल्या चौथीत बैलाचंसुद्धा नाव आहे. बैलाला सुट्टी मिळते, आणि तुम्ही लोक सुट्टीच्या दिवशी कपाटं आवरता!”

तुम्ही लोक म्हणजे मी. आम्ही ख्रिस्ती, आमचा रविवार. माझं नाव सुवार्ता, म्हणजे चांगली बातमी. माझ्या वडिलांना हौस. मावशींना तेवढंच पुरे. दारात पाऊल ठेवलं की “या सुवार्ताबाई, काय बातमी आणलीत?” रविवारचा विषय निघाला की मग बघायलाच नको. “देवानं स्वतः सातव्या दिवशी विसावा घेतला. तुमच्या पाद्र्यांनी त्याची रजा बदलून घेतली. त्याला विचारलं तरी होतं का?” पुढे मला हडपसरच्या एका कंपनीत नोकरी लागली, शनिवार-रविवार सुट्टी. तेव्हा म्हणाल्या, “तुझी कंपनी बरी. दोघांनाही नाराज करत नाही.”

चांदण्या बघायचं काम माझं, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी गॅलरीत जाऊन मान वर करायची. रास्ता पेठेत आकाश ते केवढं, आणि त्यात पलीकडच्या जाहिरातीचे दिवे. “विमान मोजू नकोस हं,” आतून आवाज यायचा. “लुकलुकतंय आणि चालतंय ते विमान.” एकदा मी कंटाळून दोनावरच तीन म्हटलं, तर म्हणाल्या, “तिसरी कुठे आहे ते सांग.”

एक गोष्ट त्यांनी मला शेंगा सोलता सोलता सांगितली होती. त्यांचे यजमान शुक्रवारी रात्री गेले. “शब्बाथला शोक करायचा नसतो. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत मी डोळ्याला पदर लावला नाही. मग रडले. तोवर दिवस त्याचा होता.” त्याचा म्हणजे देवाचा की यजमानांचा, ते मी विचारलं नाही.

त्यांना एकच मुलगा, सॅमी. तो तिकडे इस्राएलला गेलेला, कारखान्यात पाळ्यांचं काम. आठवडाभर तो सुटायचा तेव्हा इथे मावशी झोपलेल्या. मोकळा फक्त शनिवार दुपारी, कारण तिथे सगळा देशच बंद. आणि आपल्याकडे चांदण्या उगवेपर्यंत तो रात्रपाळीसाठी झोपून गेलेला. म्हणजे पोराला आईशी बोलायला एकच दिवस, आणि त्या दिवशी आई फोन उचलणार नाही. मी म्हटलं, “मावशी, देव एवढंही चालवून घेणार नाही का?” त्या म्हणाल्या, “त्याचं तो बघेल. मला नाही चालत.”

पण फोन वाजला की भिंतीला बातमी जायचीच. “काहीतरी वाजतंय वाटतं.” मी उचलायची, स्पीकर लावायची आणि टेबलावर ठेवायची. सॅमी म्हणायचा, “ताई, आई कशी आहे?” त्यावर मावशी मला, मोठ्यांदा, “सुवार्ता, माझे गुडघे बरे आहेत हो! आणि कोणीतरी सिगारेट सोडली का, कोण जाणे!” तिकडून तो हसायचा. “ताई, आईला सांगा, सोडली.” “सुवार्ता, लोक काय वाटेल ते सांगतात!” असं अर्धा तास. एकमेकांशी एक अक्षर न बोलता मायलेकरांचं सगळं बोलणं व्हायचं, आणि मधे मी, टपालाच्या पेटीसारखी.

त्या शनिवारीही फोन दुपारीच वाजला. मी उचलला, स्पीकर लावायला बोट नेलं, तर मावशींच्या सुनेचा आवाज. सॅमी सकाळी उठलाच नाही, झोपेतच गेला. मी “बरं” म्हटलं. “हो, बरं, सांगते” म्हटलं. फोन ठेवला. मावशींनी भिंतीकडे बघून म्हटलं, “आज लवकर आटोपलं.” मी म्हटलं, “लाइन खराब होती.”

मला काही वाटत नव्हतं. रडू नाही, भीती नाही, नुसती बधीर. मी त्यांच्यासमोर बसून राहिले आणि त्यांच्या हातावरच्या शिरा बघत राहिले. त्यांनी मला मनुकांचं सरबत प्यायला लावलं. मी ते प्याले. गोड होतं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “दिसल्या का गं?” मी गॅलरीत गेले. समोर तिन्ही दिसत होत्या, त्या दिवशी मेल्या अगदी स्वच्छ. मी म्हटलं, “नाही अजून.” आत येऊन बसले. रस्त्यावरचे दिवे लागले, खाली वाण्याचं शटर पडलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. खोलीत काही दिसेना, आणि तरी त्या ‘अंधार झाला हो’ म्हणाल्या नाहीत.

मग म्हणाल्या, “केव्हाच्या दिसल्यात त्या. लाइन खराब असली की तू ओरडतेस, सुवार्ता. आज हळू बोललीस. दिवस पुरा झाला माझा. सांग आता.”

मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी पोलक्याचा गळा धरला आणि ओढला. त्यांच्यात जवळचं माणूस गेलं की कापड फाडतात. फाटेना, हातांत जोरच नव्हता. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला सरळ काम सांगितलं.

“दिवा लाव. कात्री दे.”

पुढचे शनिवार तसेच. त्या खुर्चीत, मी समोर, टेबलावर फोन. त्या भिंतीशीही बोलेनाशा झाल्या, तेव्हा दिवा मी आपणच लावायची. पाळायचं ते सगळं पाळत होत्या, पण चव गेल्यासारखं.

त्या जायच्या थोडे दिवस आधी, अशाच एका शनिवारी दुपारी फोन वाजला. मी उठायच्या आत मावशींनी हात लांब केला, फोन उचलला, कानाला लावला. “हां, बोल बाळा,” म्हणाल्या. तिकडून कोणी मुलगी कर्ज हवंय का विचारत होती, मला इथवर ऐकू येत होतं. मावशींनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, फोन जपून खाली ठेवला आणि आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

“सुवार्ता,” त्या म्हणाल्या, “आज रविवार ना गं?”

“हो मावशी,” मी म्हटलं. “आत्ताच चर्चमधून आले.”