भाताची कूस आणि जुन्या लुगड्याच्या बाह्या

अॅलर्जी हा शब्द आमच्या मुठा खोऱ्यात यायच्या कितीतरी आधीपासून ती माझ्या अंगात मुक्कामाला होती. दिवाळी सरली, भात कापून खळ्यावर आलं, की माझ्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागं इसब फुलायचं. पेंढ्या झोडताना उडणारी बारीक कूस घामावर चिकटायची, आणि मग जी खाज सुटायची ती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

घरी बसून राहावं तर सावड होती. आज सगळ्यांनी मिळून तुमचं भात झोडायचं, उद्या आमचं, आणि प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचं, असा रिवाज. वडील मी लहान असतानाच गेले होते आणि आई गुराढोरांत अडकलेली. तेव्हा आमच्या घरचं माणूस म्हणजे मी. मी गेले नाही तर आमच्या खळ्यावर कोणी फिरकणार नव्हतं.

आईचा उपाय ठरलेला होता. खळ्यावरून आले की कडुलिंबाचा पाला टाकलेलं चटका बसेल असं पाणी, आणि नारळाच्या काथ्यानं घसाघसा घासणं. कढत पाण्यानं घटकाभर असं बरं वाटायचं की डोळे मिटायचे. मग अंथरुणावर पडले की सगळ्या अंगाची आग. सकाळी ती वर करंजाचं तेल चोपडायची, आणि त्या तेलावर कूस आणखी घट्ट बसायची. आगीतून उठून फुफाट्यात. पण गावात सगळे असंच अंग घासायचे आणि सगळ्यांची कातडी शाबूत होती, त्यामुळे आईला काही सांगायची सोय नव्हती.

एका वर्षी पहिलं खळं शेजारच्या काकूंचं होतं. दुपारी पंगत बसली, तेव्हा काकूंनी माझी पत्रावळ उचलली आणि एकटीच लांब, गोठ्याच्या भिंतीशी मांडली.

"वाईट वाटून घिऊ नगंस," त्या म्हणाल्या. "तुजी खरूज लेकराबाळांस्नी लागंल."

खरूज नव्हती ती. पण रक्ताळलेले कोपर बघितल्यावर माझं कोण ऐकणार? मी भिंतीशी बसून जेवले. उठले असते तर रडले असते.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "उद्यापासनं नगं जाऊस. आपलं भात आपुन दोघी झोडू. लागूंदे संक्रांतीपतुर येळ."

एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"जानार म्हंजे जानार," मी म्हणाले. "आन् त्यो काथ्या आधी चुलीत घाल."

आईचं एक विरलेलं लुगडं होतं, सायीसारखं मऊ. ते फाडून मी मनगटापासून खांद्यापर्यंत सैल बाह्या शिवल्या, गुडघ्यांना नि पोटऱ्यांना पट्ट्या केल्या. करंजाचं तेल बंद. खळ्यावर वारा पाठीवर घेऊन उभी राहायची, म्हणजे कूस पुढं उडून जायची.

"बुजगावनं आलं रं," बायका हसायच्या.

"मग पाखरं तरी येनार न्हाईत," मी म्हणायची, आणि पेंढी उचलायची. दुपारी माझी पत्रावळ मात्र प्रत्येक खळ्यावर भिंतीशीच असायची.

घरी आल्यावर ते कपडे दाराबाहेरच उतरवायची आणि धुवून टाकायची. कोमट पाणी अंगावर नुसतं ओतायचं, घासायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर खोबरेल. आई म्हणाली, "ही काय आंगुळ हाय? मांजर बी यापरीस बरं न्हातं." खाज सुटली की दात आवळून तळव्यानं दाबायची. नखं तर दगडावर घासून बोथटच केली होती. हळूहळू चिरा भरत आल्या. डाग राहिले, खाजही राहिली, पण रक्त थांबलं. मग आईच रोज पाण्यात बोट बुडवून बघायला लागली, फार तापलं तर नाही ना म्हणून.

आमचं खळं सगळ्यांत शेवटी आलं. माणसं आली, काकूही आल्या, आणि दुपारपर्यंत भाताची रास पडली. पंगत मांडली तशी मी सवयीनं माझी पत्रावळ उचलून भिंतीकडं निघाले.

"कुटं चाललीस?" आई म्हणाली. "हितं बस."

तिनं मला पंगतीच्या मधोमध बसवलं. आमच्याकडं घरची बाई पंगतीला बसत नाही, सगळ्यांना वाढून मागून जेवते. आईनं हातातला डाव पातेल्यात ठेवला, माझ्याशेजारी मांडी घातली आणि माझ्याच पत्रावळीतला भात कालवून खाल्ला. वर बघितलंही नाही. मला इतकं भरून आलं की समोरचं काही दिसेना.

वाढायला कोणीच नव्हतं. शेवटी काकू उठल्या. त्यांनी तो डाव हातात घेतला आणि एकेकाला आमटी वाढत आमच्यापर्यंत आल्या. माझ्यापुढं वाकल्या आणि जरा थांबल्या.

"घेतीस का आनखी?"

मी बाही कोपराच्या वर सारली आणि पत्रावळ पुढं केली.

"वाढा," मी म्हणाले.