जुने पत्ते विसरायची कमांड

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात धूळ आणि किस्से सारखेच साचतात. धूळ निदान ब्लोअरनं उडते!

नागपुरात माझं आणि गजूचं असं दुकान आहे. निम्म्या तक्रारी एकच: "साइट उघडून नाही राहिली." कॉम्प्युटर साइटचा पत्ता लक्षात ठेवतो, त्याला डीएनएस कॅशे म्हणतात. साइटनं घर बदललं तरी हा बापडा जुन्याच दारात उभा! एक कमांड दिली की जुने पत्ते विसरतो, नव्यानं विचारतो. काम संपलं. ते संपलं हे गिऱ्हाइकाला पटवणं, हा खरा धंदा.

*

कन्हानच्या वैद्य सरांना फोनवर म्हटलं, "सर, कॅशे क्लिअर करावा लागेल."

"थांब गा! आधी पोरीच्या लग्नाचे फोटो काढून घेतो."

फोटोंना काही होत नाही हे सांगेपर्यंत फोन बंद. दुपारभर सर पेन ड्राइव्ह भरत बसले. संध्याकाळी मी जाऊन एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, साइट उघडली. सर भयंकर नाराज!

"एवढंच? याच्यासाठी मी जेवलो बी नाही!"

*

तेव्हापासून गजू आणखी एक कमांड देतो. उपयोग शून्य, पण काळ्या पडद्यावर अक्षरं धडाधड धावतात. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. एक काकू मात्र बघून म्हणाल्या, "मागच्या दुकानवाल्यानं जास्त पळवली होती!"

*

भिवापूरचे एक मिरचीवाले भाऊ मुलीला घेऊन आले. निकालाची साइट उघडत नव्हती. कॅशे साफ केला, निकाल आला. मुलगी गणितात नापास.

"हा जुना निकाल दाखवून राहिला. अजून एकदा साफ करा."

केला. तोच निकाल.

"बाबा, चला ना आता."

"थांब वं! मशीन गरम झाली असन. थंडी होऊ दे."

*

गांधीबागेत कापडाचं दुकान असलेल्या दोन भावांनी वाटण्या केल्या. थोरल्यानं त्याच नावाची नवी वेबसाइट काढली, तिच्यावर फोटो एकट्याचाच. मला त्याचा फोन आला, "बाबांच्या कॉम्प्युटरवर अजून जुनीच दिसते. साफ करून द्या."

गेलो. बाबा दुकानात एकटेच बसले होते. पडद्यावर जुनी साइट: मध्ये बाबा, दोन्हीकडे दोन मुलं, तिघंही हसतायत. मला वाईट वाटलं, पण कामाला आलो होतो.

"काका, एका मिनिटाचं काम आहे."

"हे साफ केलं का लहाना दिसणार नाही?"

"नाही. नवी साइट येईल."

"आन साफच नाही केलं तं?"

"कॉम्प्युटर बंद केला नाही तर फार तर उद्यापर्यंत राहील. मग आपोआप जाईल."

काकांनी चहा मागवला. माझा कप रिकामा झाला. मग माझ्यासमोरचा कीबोर्ड हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"मग उद्याच ये ना गा!"