आईचं कार्ड

सिद्धराम गाणी भरून द्यायचा. लातूरच्या ट्यूशन एरियात माझं झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून त्याची टपरी. लोक मोबाईलचं मेमरी कार्ड आणून त्याच्या हातात ठेवत. क्लासची पोरं फिजिक्सची लेक्चरं नेत, ट्रॅक्टरवाले गाणी, म्हाताऱ्या भजनं. हा व्हिडिओच्या साइटवर शोधायचा, लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा, कार्डात टाकायचा. कार्डं लहान, म्हणून चित्र सोडून द्यायचा, नुसता आवाज घ्यायचा. "बरंय, सरांचं थोबाड बघून कोण डॉक्टर झालंय?" असं मीच त्याला चिडवायचो.

तो हसायचा नाही. सिद्धरामला मी कधी हसताना पाहिलं नाही, रडतानाही नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात निलंग्याकडचं त्याचं गाव झोपेतच गेलं. आई-वडील दोघंही गेले. हा नऊ वर्षांचा, बहीण महानंदा सहा महिन्यांची. मामानं वाढवलं दोघांना. घरातला चमचासुद्धा हाती लागला नाही, तिथं फोटो कुठला? आईचा चेहरा आठवतो का, असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं. "न्हाई आठवत. लई प्रयत्न केला," म्हणाला आणि डबा उघडून जेवायला लागला.

दोन हजार पंधराच्या जूनमध्ये त्याच्या गावचा शिवलिंग आला. हातात मोबाईल. "सिद्धराम, तुझी आई हाय बघ ह्यात."

भूकंपाच्या साली उन्हाळ्यात गावात झालेलं लग्न. कुणीतरी जुनी कॅसेट साइटवर चढवली होती. पंगतीत एक बाई भात वाढत होती. कॅमेरा दिसताच तिनं पदर सारखा केला आणि पुढं सरकली. तीन सेकंद असतील. मीही मागून वाकून पाहिलं. माणसांचा आवाज नव्हताच; तेव्हाचे शूटिंगवाले लग्नावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चिकटवून देत.

"हीच," सिद्धराम म्हणाला.

त्यानं तिथल्या तिथं ते उतरवून नव्या कार्डात टाकलं. कार्ड कागदात गुंडाळलं, वर 'आई' लिहिलं आणि बसवेश्वरांच्या फोटोमागं ठेवून दिलं. पुन्हा उघडलं नाही. म्हणाला, "महानंदा आली की दोघं बघू. तिनं तर एकदाबी न्हाई पाहिली."

महानंदा देगलूरला दिलेली. दर तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, ती भावाकडं येते. त्या वर्षीही दुपारच्या एसटीनं थेट टपरीवर आली, हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि लॅपटॉपसमोर देवापुढं बसावं तशी बसली.

सिद्धरामनं कार्ड लावलं. गाणं सुरू झालं. पडदा काळाच राहिला.

हातानं सवयीचं काम केलं होतं. आईचाही त्यानं नुसता आवाजच घेतला होता, जो तिचा नव्हताच. घाईनं साइट उघडली, तर व्हिडिओ काढून टाकलेला. गाण्यांच्या मालकांनी हरकत घेतली, असं खाली लिहिलं होतं. शिवलिंगला फोन लावला; त्यानं साइटवरच पाहिलेलं, त्याच्याकडंही काही नव्हतं. अख्ख्या लग्नातली गाणी तेवढी सिद्धरामकडं उरली, आणि तसली गाणी त्याच्याकडं ढिगानं होती.

"अण्णा, आई कुठंय?"

"चित्र घ्यायचं राहिलं," तो म्हणाला. आवाज लेक्चर मागणाऱ्या पोराशी बोलतो तसाच. त्यानं बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," महानंदा म्हणाली. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. मग तिनं विचारलं, "आता काय करायली असंल ती?"

"भात वाढायलीय."

"लुगडं कसलं हाय?"

सिद्धराम पडद्याकडं बघत राहिला. "हिरवं," म्हणाला.

मी दारातच उभा होतो. लुगडं पिवळं होतं, जर्द पिवळं, मला पक्कं आठवत होतं. महानंदानं डोळे मिटून घेतले आणि हळूच म्हणाली, "हिरवं."